लागलेले नंबर सोडून

आमच्या भिशीत नंबर १२ आणि बायका ११, कारण एका वहिनींनी दोन नंबर घेतलेत. दर नंबरामागे महिन्याला २,००० रुपये, म्हणजे भिशी २४,००० ची. जूनला सुरू होते, मे महिन्यात संपते. ज्या नंबराला भिशी लागली तो पुढच्या सोडतींतून बाद, हप्ता मात्र शेवटपर्यंत भरायचा. नियम एवढाच. पण ‘बाद’ हा एक शब्द पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेला समजावताना माझी जी दमछाक झाली, ती लिहून ठेवावीशी वाटली. पायथॉन नुकतंच शिकायला घेतलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

पूर्वी चिठ्ठ्या असायच्या. डबा, घड्या घातलेले कागद आणि चिठ्ठी उचलायला कुणाचं तरी लहान मूल. मग एक मावशी मुलाकडे बडोद्याला गेल्या, एकजण पुण्याला, आणि सोडत व्हिडिओ कॉलवर आली. तिथून कुरबुर सुरू झाली. डबा नीट हलवला का, वरचीच चिठ्ठी उचलली का, घडी जाड दिसत होती का. ही शंका अगदीच पोकळ नसते बरं. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली होती, ३६६ तारखा ३६६ कॅप्सूलांत भरून. कॅप्सूल पुरेशा न मिसळल्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून आधी निघाल्या, आणि संख्याशास्त्रज्ञांनी ते आकड्यांनिशी दाखवून दिलं. तिथे प्रश्न जिवाचा होता, इथे २४,००० चा. तरी डब्यावरचा संशय त्याच जातीचा.

मी अकाउंट्समध्ये काम करते आणि संध्याकाळच्या एका ऑनलाइन वर्गात पायथॉन शिकत होते. ‘रँडम’ मॉड्यूल आणि त्यातलं ‘चॉइस’ हे पहिल्या काही धड्यांतच येतं. यादी द्या, एक वस्तू मिळते. एका ओळीचं काम. म्हणून भिशीच्या ग्रुपवर मी बिनधास्त लिहून टाकलं की पुढची सोडत कंप्युटरवर काढू. निवडणं एका ओळीत होतं, हे खरंच आहे. उरलेला सगळा प्रोग्राम वगळण्याचा असतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच माझ्याही आला: आधी उचला, मग बघा. बाद झालेलं नाव निघालं तर पुन्हा उचला. त्यासाठी ‘व्हाइल’ची फेरी. (प्रोग्राममधले शब्द रोमन लिपीत असतात, इथे मी ते देवनागरीत लिहिते आहे.) तोंडाने आपण म्हणतो, ‘नाव सुनंदा किंवा मंगल असेल तोवर पुन्हा उचल.’ तसंच्या तसं लिहिलं: व्हाइल नाव == ‘सुनंदा’ ऑर ‘मंगल’. फेरी थांबेचना. पंखा घरघरायला लागला, शेवटी कंट्रोल आणि सी दाबून बाहेर पडावं लागलं. वर्गात विचारलं, तर निम्म्या जणांच्या स्क्रीनवर हेच चाललेलं होतं. पायथॉन ती ओळ दोन तुकड्यांत वाचतो. पहिला तुकडा ‘नाव सुनंदा आहे का’, आणि दुसरा तुकडा नुसता ‘मंगल’. नुसत्या ‘मंगल’ला कशाशीच ताडलेलं नाही, आणि रिकामी नसलेली कुठलीही अक्षरमाला पायथॉनच्या लेखी खरीच असते. म्हणजे अट कायम खरी, फेरी कायम चालू. तिथे ‘इन’ हवं: नाव इन बाद. ‘बाद’ ही वेगळी यादी करायची आणि नाव तिच्यात आहे का एवढंच विचारायचं.

वर्गातल्या एका मुलाने फेरी टाळून फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलवायची युक्ती केली. बाद नाव निघालं की तेच फंक्शन परत चालवायचं. ते चाले, पण मधूनच नावाच्या जागी ‘नन्’, म्हणजे पायथॉनचं ‘काहीच नाही’, छापून येई. दुसऱ्या वेळी निघालेलं उत्तर त्याने ‘रिटर्न’ने मागे पाठवलंच नव्हतं. नाव निघत होतं, ते बाहेर कुणापर्यंत पोचत नव्हतं, इतकंच.

‘पुन्हा उचला’ ही रीत न्यायाची आहे, यात वाद नाही. उरलेल्यांपैकी प्रत्येकीला सारखीच संधी मिळते. फक्त महिने सरतात तशी ती हळू होते. अकरा बाद आणि एकच शिल्लक असेल, तर ते एक निघेपर्यंत सरासरी १२ वेळा उचलावं लागतं. कंप्युटरला त्याचं काही वाटत नाही. पण बाराच्या बारा बाद असतील, तर पुन्हा तोच घरघरणारा पंखा.

यावर एका काकूंच्या यजमानांनी तोडगा सुचवला आणि तो सगळ्यांना एकदम पटला. ते म्हणाले, ‘पुन्हा पुन्हा कशाला उचलता? बाद नंबर निघाला तर त्याच्या पुढचा नंबर धरा. तोही बाद असेल तर त्याच्या पुढचा.’ ऐकायला किती साधं आणि सरळ! हिशेबाच्या सवयीने मी कागद घेतला. समजा ३, ४ आणि ५ या नंबरांना भिशी लागून गेली आहे. आता ३ निघाला तरी भिशी ६ ला, ४ निघाला तरी ६ ला, ५ निघाला तरी ६ ला, आणि ६ निघाला तर अर्थातच ६ ला. म्हणजे बारांतल्या चार वाटा सहा नंबराच्या दारात जातात. बाकीच्या आठ नंबरांना बारांत एकच वाट. खरं तर उरलेल्या नऊ जणींना प्रत्येकी नवात एक, म्हणजे शंभरात साधारण ११ एवढी संधी हवी. या तोडग्यात सहा नंबराला शंभरात ३३ आणि इतरांना आठच्या आसपास.

हे आकडे नुसते सांगून कुणाला पटेना. ‘शेवटी निघतंय तर आपोआपच ना, मग अन्याय कुठला?’ हा प्रश्न आलाच. मग तीच सोडत प्रोग्राममध्ये लाख वेळा चालवली आणि कुठला नंबर किती वेळा आला ते मोजायला लावलं. सहाच्या पुढे तेहतीस हजारांच्या घरातला आकडा, बाकीच्यांच्या पुढे आठ हजारांच्या वरचे. स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला. सहा नंबरवाल्या काकूंनी हसण्याचं चित्र पाठवलं आणि ‘माझी काही हरकत नाही’ असं लिहिलं. चर्चा तिथेच मिटली. निवड आपोआप झाली म्हणजे ती सारखी झाली असं होत नाही, हे त्या फोटोने जेवढं पटलं तेवढं माझ्या बोलण्याने पटलं नसतं. यजमानांनीही मोठ्या मनाने मान्य केलं आणि मग क्रमाने शेजारी कोण बसलंय यावर पैसे कसे फिरतात याचं गणित तेच सगळ्यांना समजावत सुटले.

मग आली सरळ वाट: आधी वगळा, मग उचला. सगळ्यांच्या यादीतून बाद झालेले काढून उरलेल्यांची नवी यादी करायची आणि ‘चॉइस’ला तीच द्यायची. एका ओळीत होतं: उरलेले = [न फॉर न इन सगळे इफ न नॉट इन बाद]. वाचताना कोरडं वाटतं, पण मराठीत बोलून बघा, ‘सगळ्यांतला तो प्रत्येक न, जो बादमध्ये नाही’. पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे माझ्या प्रोग्राममध्ये ‘उरलेले’, ‘बाद’ आणि ‘सगळे’ खरोखर याच अक्षरांत आहेत. आमचे सर नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

इथे फेरी अडकायची भीती नाही, पुन्हा उचलणं नाही आणि सगळ्यांना संधी सारखी. मला वाटलं, झालं.

नेमकं तिथे दोन नंबरवाल्या वहिनींनी अडवलं. एका यूट्यूब धड्यात ‘सेट’ वापरून हेच काम फारच देखणं केलेलं होतं: सगळ्यांचा सेट, बाद झालेल्यांचा सेट, मध्ये वजाबाकीचं चिन्ह. मी ते करून पाहिलं. पहिल्यांदा ‘चॉइस’नेच नकार दिला, कारण सेटला क्रम नसतो आणि ‘चॉइस’ला कितव्या जागेवरचं उचलायचं ते हवं असतं. धड्यात त्यावर ‘सॅम्पल’चा उपाय होता (हे हव्या तितक्या वस्तू उचलतं, उचललेली पुन्हा घेत नाही). तोही चालेना, कारण धडा जुना होता. पायथॉनच्या ३.११ या आवृत्तीपासून ‘सॅम्पल’ सेट घेतच नाही. सेटची परत यादी केली तेव्हा गाडी चालली. पण उरलेल्यांची मोजणी करून बघते तर एक कमी! सेटमध्ये एक नाव एकदाच राहतं. वहिनींचं नाव यादीत दोनदा होतं, त्यांचा दुसरा नंबर, म्हणजे वर्षाचे २४,००० रुपये भरणारा एक अख्खा हिस्सा, न बोलता नाहीसा झाला. बरं, माझ्या आधीच्या देखण्या ओळीतही वेगळी गोम होतीच. वहिनींना एकदा भिशी लागली की त्यांचं नाव बादमध्ये जाणार आणि दोन्ही हिस्से एकदम गळणार. याउलट यादीतून ‘रिमूव्ह’ केलं तर पहिलं सापडलेलं नाव जातं आणि दुसरं राहतं, म्हणजे इथे तीच रीत बरोबर. नावं दोनदा असली की ‘वगळणे’ या एकाच कामाचे तीन वेगळे निकाल लागतात, आणि पायथॉन एकदाही चूक दाखवत नाही.

यापेक्षा अवघड गाठ कऱ्हाडे काकूंची पडली. त्यांना भिशी लागली होती, नाव बादमध्ये घातलं होतं, आणि चाचणी घेताना त्यांचंच नाव पुन्हा समोर आलं. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. अक्षर न् अक्षर सारखं. कुठे रिकामी जागा राहिली असेल म्हणून ‘स्ट्रिप’ करून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी ‘लेन’ लावून दोन्हीकडची लांबी मोजली. एकीकडे ७, दुसरीकडे ८.

फरक त्या अर्ध्या ऱ मध्ये होता. सगळ्या नावांची यादी माझ्या फोनवर टाइप केलेली, आणि बादची यादी आमच्या जुन्या हिशेबाच्या फाइलमधून चिकटवलेली. युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटरच्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत, ऱ्ह असा दिसायला एकाहून जास्त रस्ते आहेत. माझ्या याद्यांत त्यांतले दोन होते. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर आकृती तीच उमटते, पायथॉनसाठी मात्र त्या दोन वेगळ्या बायका. र ला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, लावून केलेला ऱ असता तर युनिकोडचं ‘नॉर्मलाइझ’ वापरून दोन्ही एकरूप करता आले असते. या अदृश्य जोडकाला ते हात लावत नाही, र, हलन्त आणि जोडक हे तिन्ही शोधून त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त आपणच घालावा लागतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बिऱ्हाडे अशी नावं ज्यांच्या याद्यांत असतील, त्यांनी हे जरूर तपासून बघावं. इंग्रजीतल्या धड्यांमध्ये याचा उल्लेख सापडत नाही, आणि का सापडावा?

या दोन्ही भानगडींवर औषध एकच निघालं: नावं सोडा, नंबर धरा. १ ते १२. वहिनींचे नंबर ४ आणि ९, दोन वेगळे आकडे, त्यामुळे एक बाद झाला तर दुसरा जागेवर. कऱ्हाडे काकूंचा नंबर ७, त्याला अर्धा ऱ नाही. कुठला नंबर कुणाचा हे एका डिक्शनरीत, आणि ती फक्त निकाल छापताना उघडायची. भिशी पहिल्यापासून नंबरांवरच चालते. मीच उगाच नावांच्या मागे लागले होते असं म्हणता येईल, पण चिठ्ठ्यांवर नावं लिहायची पद्धत इतकी जुनी की कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं. आकडे घेतानाही एक काळजी घ्यायची. ‘रेंज’ला १ ते १२ सांगितलं तर तो ११ वर थांबतो, शेवटचा आकडा घेतच नाही. दोन आकड्यांमधला कुठलाही एक काढणारा ‘रँडिंट’ मात्र दोन्ही टोकं धरतो. बारा नंबरच्या बाईंना वर्षभर भिशी न लागण्याची ही उत्तम सोय.

त्यानंतर बायकांनी नियमच वाढवायला घेतले. एकीला या महिन्यात नको, दिवाळीत हवी. एकीचा हप्ता सोडतीच्या दिवसापर्यंत आलाच नाही, तर तिला यावेळी बाहेर ठेवा. म्हणजे बादच्या याद्या दोन झाल्या. एक कायमची आणि एक फक्त या महिन्यापुरती, सोडत झाली की रिकामी होणारी. प्रोग्राममध्ये त्या दोन्ही नुसत्या जोडल्या. ‘नॉट इन’ला दोन याद्यांची बेरीज दिली की भागतं. पण चाचणी घेताना शेवटच्या महिन्यांचं चित्र मांडून पाहिलं: दोनच नंबर उरलेत, एकीचा हप्ता थकलाय आणि दुसरी म्हणते पुढच्या महिन्यात द्या. उरलेल्यांची यादी रिकामी. तेव्हा ‘चॉइस’ लाल अक्षरांत ‘कॅनॉट चूज फ्रॉम अ‍ॅन एम्प्टी सीक्वेन्स’ म्हणून थांबतो. ‘पुन्हा उचला’वाली फेरी अशा वेळी अनंतकाळ फिरत राहिली असती, ही कटकट निदान बोलून तरी दाखवते. त्यापुढे काय करायचं हे पायथॉन सांगू शकत नाही. आम्ही ग्रुपवर भांडून ठरवलं की असं झालं तर हप्ता थकलेलीच बाहेर राहील आणि ‘पुढच्या महिन्यात’वाल्या विनंतीला मान मिळणार नाही. तेवढी एक ‘इफ’ वाढली.

बडोद्याच्या मावशींनी मध्येच एक शंका काढली: आधीच्या महिन्यांत बारांत एक, नंतर अकरांत एक, नंतर दहांत एक, म्हणजे मागे राहणाऱ्यांची संधी वाढतच जाते, मग पहिल्यांदा लागणाऱ्यांवर अन्याय नाही का? नाही. कुणीच मध्ये थांबलं नाही असं धरलं, तर दुसऱ्या महिन्यात एखादीला भिशी लागायला आधी ती पहिल्या महिन्यात सुटायला हवी. त्याची शक्यता बारांत अकरा, आणि मग अकरांत एक. गुणाकार केला की अकरा अकराला खातात आणि पुन्हा बारांत एकच उरतं. कुठल्याही महिन्याचं हेच. म्हणूनच ‘सॅम्पल’ने जूनमध्येच बारा नंबरांचा सगळा क्रम काढून ठेवला असता तरी न्याय तेवढाच झाला असता आणि वगळण्याची ही सगळी कसरत वाचली असती. मी ते सुचवलंही. उत्तर आलं, ‘मग दर महिन्याला जमायचं कशाला?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संक्रांतीला भेटींची अदलाबदल करायची ठरली. प्रत्येकीने एकीसाठी भेट आणायची, कुणाची कुणाला ते प्रोग्रामने ठरवायचं, स्वतःचं नाव स्वतःला यायचं नाही आणि आमच्यातल्या दोघी जावांची नावं एकमेकींना यायची नाहीत, कारण ‘त्या घरी देतातच’. इथे मात्र नंबर नकोत, माणसं हवीत. यादी अकरांची. एकेकीला क्रमाने स्वतःला सोडून उरलेल्यांतून एक नाव द्यायला गेलं, की शेवटची कधीमधी अडकते. सगळी नावं संपतात आणि उरतं तिचं स्वतःचंच. मग अख्खी यादी ‘शफल’ करायची, तपासायची, कुठे स्वतःचं नाव स्वतःला आलं तर पुन्हा ‘शफल’. स्वतःला वगळण्याची एवढीच अट असेल तर शंभरातले साधारण ३७ डाव बसतात, माणसं अकरा असोत की अकराशे. पत्त्यांच्या एका खेळाच्या निमित्ताने फ्रान्समधल्या माँमॉरने हा प्रश्न १७०८ साली मांडला होता. ‘शफल’ची खोड अशी की ते असलेली यादीच पिसतं आणि हातात काही देत नाही. नव्या नावात साठवायला गेलं तर पुन्हा आपलं ‘नन्’.

शेवटी मी वेगळी रीत घेतली. यादी एकदा पिसायची, गोल बसवायची आणि प्रत्येकीने पुढचीला द्यायचं, शेवटचीने पहिलीला. स्वतःचं नाव येण्याचा प्रश्नच मिटतो. यात सगळे डाव सापडत नाहीत. चार बायका असतील तर स्वतःला टाळून नऊ प्रकारे वाटप होतं, गोलात त्यातले सहाच बसतात. सुटलेल्या तिनांत बायका दोन-दोनच्या जोड्या करून आपसांतच देतात-घेतात. ते तर कुणालाच नको होतं. जावा गोलात शेजारी आल्या तरच पुन्हा पिसायचं, आणि अकराजणींत तसं पाचांतून एकदाच होतं.

कंप्युटरवर विश्वास बसावा म्हणून काय केलं, असं पुण्याच्या काकूंच्या इंजिनिअर मुलीने विचारलं. पायथॉनचं ‘रँडम’ १९९७ च्या एका जपानी रीतीवर चालतं. पहिलं बी, म्हणजे ज्या आकड्यापासून सुरुवात होते तो, माहीत असेल तर पुढचे सगळे आकडे तसेच्या तसे पुन्हा काढता येतात. मी बी देत नाही, ते यंत्रच घेतं. तरी ‘सीक्रेट्स’ मॉड्यूलमधलं ‘चॉइस’ वापरायला तिने सांगितलं, त्यात बीच देता येत नाही. एक शब्द बदलला, बाकी सगळं तसंच. बायकांचं समाधान झालं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. सोडतीआधी प्रोग्राम उरलेल्या नंबरांची यादी छापतो, ती मी मोठ्याने वाचते, आणि सगळ्या ‘हो’ म्हणाल्या की एंटर दाबते.

यंदाच्या भिशीसाठी वहिनींची मागणी आली आहे की त्यांचे दोन्ही नंबर लागोपाठच्या महिन्यांत नकोत. म्हणजे गेल्या महिन्यात जिला लागली तिचे सगळेच नंबर या महिन्यापुरते बाद. डिक्शनरी आहेच, काम दोन ओळींचं. फक्त शेवटचे दोन नंबर दोन्ही त्यांचेच उरले, तर एक लागल्यावर पुढच्या महिन्यात यादी पुन्हा रिकामी होणार. त्या महिन्यात अट सोडून द्यायची, की अकराव्या महिन्यात दोन्ही त्यांचेच उरणार नाहीत अशा बेताने आधीपासूनच वगळायचं, ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या रीतीत वहिनींच्या नंबरांची संधी बाकीच्यांएवढी राहत नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं आहे. लाख वेळा चालवलेल्या मोजणीचा फोटो मागितलाय.